बॅटऱ्या देवघरात आणि देव माजघरात

धामापूर,
गणपती गेल्यानंतरचा पहिला कोरडा दिवस

चि. मंगेश यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे, शर्मिष्ठाचा घसा सुटला का, तन्वी जेवते की अजून नुसत्या बिस्किटांवर आहे, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही खुशाल. तुझे भावोजी थोडे रुसलेले असतात, पण ते आमच्याकडे खुशालीतच धरतात. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि आज मला कोणी मध्ये बोललेलं चालणार नाही.

तर आधी निकाल सांगते. तुझ्या खोपीतल्या दिव्यांच्या दोन्ही बॅटऱ्या जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, आणि मे महिन्यात तू खोपीला कुलूप लावून गेलास तेव्हा होत्या त्यापेक्षा बऱ्या आहेत. दोन पावसाळ्यांत दोन जोड्या मेल्या, आणि जाताना तू काय बोलून गेलास ते मी विसरले नाही. यंदाही मेल्या तर काजूच्या डोंगरीतली ती खोपी विकून टाकणार, अंधारात सुट्टी काढायला पुण्याहून कोण येतो, असं म्हणालास. तू बोलून मोकळा झालास, माझं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे बाबांच्या जमिनीवरची तुझी ती दोन खोल्यांची खोपी. वर्षातून अर्धाच काळ उघडी असते, पण आहे. (सासर आणि माहेर एकाच गावात असलं म्हणजे माहेर लागत नाही, असं पुरुषांना वाटतं.) तेव्हाच ठरवलं की यंदा बॅटऱ्या मी सांभाळणार.

तू सांगितलं होतंस की तारा सोडवून ठेव, नाहीतर त्या इन्व्हर्टरच्या पेटीतला इवलासा दिवा पावसाळाभर बॅटरी पीत बसतो. (मागच्या दोन्ही जोड्या त्यानेच प्यायल्या, माझा पक्का संशय आहे.) भावोजींनी बोटातली अंगठी काढून, देवाचं नाव घेऊन तारा सोडवल्या. पण बंद खोपीत आषाढात भिंतींना बुरशी चढते, तिथे त्या ठेवायच्या कशा? म्हणून खाली आमच्या घरी आणायच्या ठरल्या. एकेक बॅटरी म्हणजे भाताचं भरलेलं पोतं. रिक्षावाला गणपत आणि भावोजी यांनी बांबूला चादरीची झोळी बांधली, वरून दुसरी चादर पांघरली, आणि आतलं पाणी हिंदकळू नये म्हणून मी मागून हात लावून चालले. वाटेत शेजारची तुळसा भेटली. “कोण आजारी आसा गो?” म्हणाली. मी म्हटलं, भावाच्या बॅटऱ्या आहेत. तिने चादर उचलून स्वतः पाहिलं, आणि तरीही संध्याकाळी पेज घेऊन विचारपूस करायला आली.

आता ठेवायच्या कुठे? आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी कुठे ठेवतात ते तुला सांगायला नको. सोलं, पापड, खारे बांगडे, बियाणं, सगळं चुलीवरच्या माळ्यावर. तिथे कधी काही कुजलेलं ऐकिवात नाही. मी बॅटऱ्याही बांगड्यांच्या शेजारी चढवल्या (चढवताना माळा करकरला आणि भावोजीही) आणि मोठ्या हौसेने तुला फोटो पाठवला. त्यावर तू जे ओरडलास ते तन्वीने ऐकलं नसलं म्हणजे मिळवली. उष्णतेने बॅटरी झिजते, विस्तवाजवळ तर अजिबात नको, थंड आणि कोरडी जागा बघ म्हणे. अरे, मालवण तालुक्यात आषाढात जी जागा थंड असते ती ओली असते, आणि जी कोरडी असते तिच्याखाली चूल असते. पुण्यात बसून दोन्ही एकदम मागणं सोपं आहे.

सगळं घर पालथं घातल्यावर एकच जागा सापडली, ती म्हणजे देवघर. भिंती जाड, वारा खेळता, गळती नाही, चूल लांब. फक्त तिथे समई जळते, आणि चार्ज करताना बॅटरीतून जो वायू निघतो त्याच्याजवळ ज्योत चालत नाही. मी म्हटलं, देवांना माजघरात नेऊ. माजघराला चुलीची ऊब लागते, ती बॅटरीला वाईट, पण देवांना पावसाळ्यात बरीच की. भावोजी संतापले. वाडवडिलांचे देव एका अॅसिडच्या डब्यासाठी उठवायचे म्हणजे काय? मी वाद घातला नाही. (घातला, पण थोडाच.) सरळ देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, हिच्या भावाचे बॅटरे देवघरात ऱ्हवतले नि घरचे देव माजघरात बसतले, तां तुका मान्य आसात तर उजवी दी.” मागची मंडळी होय म्हाराजा म्हणतात न म्हणतात तोच उजवी कळी पडली. देवानेच दिलेला होकार भावोजींना मानावाच लागला. त्यांनी देव्हारा उचलला, माजघरात मांडला, आणि तेव्हापासून ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात.

त्यानंतर मी जी सेवा केली तशी बाळंतिणीचीही कोणी करत नाही. खाली लाकडी पाट, तारांच्या टोकांना गंज चढू नये म्हणून भिरंडेल (आपलं कोकमाचं तेल, टाचांच्या भेगांना लावतो ते), आणि दर महिन्याला, वीज कृपा करील त्या दिवशी, खिडकी सताड उघडून चार्ज. बॅटरीचं पाणी गणपत मालवणहून आणतो. आमच्या विहिरीचं पाणी वाडीत सर्वांत गोड म्हणून भावोजी तांब्या भरून आले होते, त्यांना दारातच अडवलं. तुळसा येता-जाता जास्वंद वाहते, त्याने काही बिघडत नाही. काल गणपतने मीटर लावला आणि म्हणाला, यापेक्षा माझ्या रिक्षाची वाईट आहे.

तेव्हा आता खोपी विकायचं नाव काढू नकोस. तू हरलास.

तुझी जिंकलेली
सावित्री अक्का

ता. क. बॅटऱ्या अगदीच बसून होत्या असं नाही. चवथीला वादळाने वीज गेली ती विसर्जनापर्यंत आलीच नाही. तुझा इन्व्हर्टर जोडून एक दिवा लावून बघू म्हटलं. मग भजनाला सगळी वाडी आमच्याकडे आली, वाडीतल्या किशोरीने मोदकांचं खोबरं मिक्सरमधून काढलं, आणि ज्याच्या-त्याच्या हातात चार्ज करायला फोन होताच. भावोजींनी त्या उजेडात टाळ वाजवले आणि बॅटऱ्या देवघरात ठेवायची कल्पना आपलीच, असं सर्वांना सांगितलं. नंतर पुन्हा भरपूर चार्ज केल्या आहेत.

आणखी ता. क. खोपी बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं, म्हणजे तू आधीच बोलणी लावली होतीस. त्याचं तू आल्यावर बघते. उजेडाचं काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, बॅटऱ्या दर पावसाळ्यात मरतात, यंदाच्याही मेल्या. भावोजींनी लगेच सुतकाचा चेहरा केला (लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या बाजूने). ते गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता गेलं. तुला फोन आला तर सांग, अक्का म्हणते ते खरं, बॅटऱ्या मेल्या. आणि दिवाळीला तन्वीला घेऊन ये, खोपीत दिवे लावून ठेवते.