राळेगाव रोडच्या फिरत्या बादल्या

१ डिसेंबर, सोमवार

आज फॅक्टरी तपासणीचे साहेब येणार म्हणून सकाळी साडेसातला टेम्पो आला. बारा लाल बादल्या वाळू भरलेल्या, आग विझवायचे सहा सिलिंडर, चार हेल्मेट आणि प्रथमोपचाराची एक पेटी. पेटीत नुसता कापूस. जिनिंगमध्ये नाहीतरी कापसाची काय कमी!

हेच सामान शनिवारी शेजारच्या जिनिंगमध्ये होतं. उद्या नाक्यापलीकडे जाईल. राळेगाव रोडवर आम्ही पाच जिनिंगा आणि सामान एक. साहेबांची जीप ज्या फाटकातून शिरणार, तिथे तासभर आधी टेम्पो शिरतो.

साहेब नवे. तरुण, चष्मेवाले. नीट बघतात, एवढा एक दोष. बादलीवर बोट फिरवून म्हणाले, "रंग ताजा दिसतो."

मॅनेजर बोबडे म्हणाले, "दरवर्षी देतो साहेब." हे मात्र खरं. रंगाचा डबा टेम्पोतच असतो.

तपासणी-वहीत माझी सही. पद : सुरक्षा सुपरवायझर. चेहरा शक्य तेवढा गंभीर.

दुपारी एकला सामान परत टेम्पोत. भिंतीवर बारा रिकामे हूक.

३ डिसेंबर, बुधवार

फेरी मारली. आपल्यापुरती, खरी.

मागचं दार बंद, कुलूप. म्हणे बारदाना चोरीला जातो. किल्ली बोबडेच्या (या वहीत नुसता बो.) कमरेला. लाल बटण, जे दाबलं की सगळ्या मशिनी थांबतात, ते कापसाच्या ढिगामागे. आग लागली तर आधी ढीग उपसायचा, मग बटण दाबायचं. बायांनी साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट घातलेले, बाह्या ढिल्या, तोंडाला दुपट्टा. हवेत इतका बारीक कापूस की पलीकडची मशीन दिसत नाही.

चार नंबरवर सोनाबाई राठोड असते, तांड्यावरून येते. सात हंगाम एकाच मशिनीवर. मला पाहून हाक मारली.

"भाऊ, कापसात खडे येऊन राह्यले. रोलर आज दोनदा चमकला, ठिनगी उडाली. कवाचं म्हनून राह्यली, पानी ठिवा ना जवळ."

बो.ला सांगितलं. तो म्हणाला, "पानी ठेवलं तं कापूस ओला होते. गठाण खराब. तिले म्हना, खडे वेचून टाक."

म्हणजे ताशी अमुक इतका कापूस टाकायचा आणि वर त्यातले खडेही वेचायचे. बो. स्वतःच्या ताटातल्या तांदळातला खडा वेचत नाही, बायकोवर ओरडतो.

वहीत लिहिलं : "तोंडी सूचना दिली." या वहीत अशा सूचना इतक्या आहेत की वही जाळली तर आठवडाभर चूल पेटेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

लागली.

साडेतीनच्या सुमारास. चार नंबरवर ठिणगी, मग रोलरच्या तोंडाशी धूर, मग ढिगावर सरसर आग. कापूस पेटतो तेव्हा आवाज नाही करत. आवाज बाया करतात.

मी पत्र्याच्या ऑफिसात होतो. पोचेपर्यंत रफीक मिस्त्रीनं मेन स्विच ओढला होता. बाया पुढच्या दाराशी एकमेकींवर पडत होत्या. मागच्या दाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तो बो. जेवायला घरी. साडेतीनला!

टँकर येईपर्यंत रफीकनं आणि पोरांनी ढीग दाताळ्यानं ओढून बाहेर काढला. जीव कोणाचा गेला नाही. सोनाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

यवतमाळला पाठवली. गाडीत बसताना "याडी, याडी" एवढंच, आईला हाक.

बो. सव्वाचारला आला. पहिला प्रश्न : "मशीन किती नंबरची?"

६ डिसेंबर, शनिवार

बो.नं टाइप केलेला कागद पुढे ठेवला. मजकूर उतरवून घेतो, कारण असं साहित्य रोज हाती लागत नाही :

"अग्निशमनाची सर्व साधने भिंतीवर उपलब्ध असताना सदर महिला कामगाराने त्यांचा वापर न करता घाबरून हाताने कापूस ओढला. प्रस्तुत इजा ही तिच्या निष्काळजीपणामुळे झाली."

खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी म्हटलं, "बादल्या कुठं होत्या, बोबडे?"

"सोमवारच्या वहीत होत्या ना? तुमचीच सही हाय, वानखडे."

बरोबर बोलला. हरामखोर माणूस बरोबर बोलतो तेव्हा फार राग येतो.

"आता तिची ट्रीटमेंट?"

"तिची चुकी असन तं आपन कायले करायची? आन् हात असा झाल्यावर मशीनवर घेता येत नाई. तुमचाच नियम, अनफिट."

इतक्या हंगामांत माझा एकही नियम याला आठवला नाही. आज आठवला.

कागद घेतला. सही नाही केली. नाहीही म्हणालो नाही.

८ डिसेंबर, सोमवार

यवतमाळला गेलो, एसटीनं. सोनाबाई खिडकीजवळच्या खाटेवर. हाताला पांढरं गुंडाळलेलं, खांद्यापासून टांगलेलं. बाजूला सासू, कपाळावर मोठं कुंकू, माझ्याकडे बघेना.

मला वाटलं सोनाबाई रडेल. ती विचारत होती.

"भाऊ, त्या लाल बादल्या तुमी कुठं ठिवता?"

मी आणलेली केळी खाटेवर ठेवली.

"सोमवारी साहेबाले दाखवल्या ना तुमी. मी मशीनवरून पाह्यलं. मले वाटलं, या खेपेले मी पानी म्हनत होती म्हनून आपल्यासाठी आनल्या. आग लागली तशी मी त्या भिंतीकडंच धावली. तिथंसा खुट्ट्या होत्या नुसत्या. मंग वापस आली, तवरीक ढीग पेटला. हातानंच ओढला मंग."

म्हणजे ती घाबरली नव्हती. सगळ्या जिनिंगमध्ये तपासणी एकटीनं खरी मानली होती. बादल्यांकडे जाऊन परत येण्यात जो वेळ गेला, त्यात तिचा हात गेला.

सासू तेवढ्यात बोलली, "बोबडे आलता काल. अंगठा दे म्हने कागदावर."

"दिला?"

सोनाबाईच बोलली. "मी चौथी शिकली हाओ. सही करतो मी, अंगठा नाई देत. हात बरा झाला का वाचून करीन म्हटलं."

बो.चं तोंड तेव्हा बघायला हवं होतं.

परतीच्या गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय. इथे दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो. फिरत्या बादल्यांची युक्ती बो.ची नाही. जिनिंगच्या मालकाची, शेठचीही नाही. माझी. तीन हंगामांपूर्वी, चहाच्या टपरीवर, पाचही मॅनेजर बसलेले. मी म्हटलं, गावात पाच लग्नांना एकच घोडी चालते, मग पाच जिनिंगांना पाच डझन बादल्या कशाला? खूप हसले. मीही हसलो, स्वतःच्या हुशारीवर. आठवड्यानं टेम्पो ठरला.

मी थट्टा केली होती. थट्टाच होती ना?

नंतर वेळापत्रक मीच लिहून दिलं. ती थट्टा नव्हती.

१० डिसेंबर, बुधवार

रफीकशी बोललो, वेल्डिंगच्या शेडमध्ये. तो पंचवीस वर्षं मशिनी दुरुस्त करतो, माणसांवर वेळ घालवत नाही.

"खरं लिहून दिलं तर?"

"तं पाचही जिनिंगवाले तुमाले उभे करनार नाई, वानखडेभाई. या रोडवर तं नाईच नाई."

"आणि नाही लिहिलं तर?"

त्यानं काच तोंडावर ओढली. "तं रोज चार नंबरसमोरून जा लागन. उस का क्या?" आणि ठिणग्या सुरू.

चार नंबर आजपासून चालू. दुसरी बाई बसवली, विशीची. बाह्या ढिल्या. मी जाऊन तिच्या बाहीची बटणं लावायला सांगितली. ती म्हणाली, "बटनंच नाईत."

आपण काय सुपरवाइज करतो?

१२ डिसेंबर, शुक्रवार

पत्र आलं. साहेब सोमवारी चौकशीला, सकाळी साडेनऊ. बो. खूष, कारण तारीख आधी कळली. फोनवर टेम्पोवाल्याला सांगताना मी ऐकलं : "साडेआठले. आन् रंग देऊ नको बे, या खेपेले जुन्या दिसू दे."

शिकतो माणूस.

मी घरी येऊन दोन पानं लिहिली. पहिल्यात बादल्या, किल्ली, बटण, खडे, पाणी. दुसऱ्यात टपरीवरची गोष्ट आणि वेळापत्रक कोणाच्या अक्षरात आहे ते. दुसरं पान दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं. बायको म्हणाली, "एवढं काय लिहून राह्यले?" म्हटलं, "राजीनाम्याचा सराव." तिला विनोद वाटला. सवय आहे तिला.

१५ डिसेंबर, सोमवार

आठ वाजल्यापासून फाटकाच्या चौकीत. चौकीदाराला चहा प्यायला पाठवलं. फाटकाला आतून अडसर.

सव्वाआठला सोनाबाई आली, सासूबरोबर, ऑटोनं. परवाच सुट्टी मिळाली. साहेबांना स्वतः भेटणार म्हणते. तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, हात गळ्यात, भिंतीला टेकून उभी.

८.३५. टेम्पो फाटकाबाहेर. हॉर्न. मी उठलो नाही.

"कोन आलं भाऊ?"

"बादल्या."

तिनं वाकून जाळीतून बघितलं. लाल, बारा, रांगेत.

"आता कायले आल्या? आग तं इझली."

८.५०. ऑफिसच्या दारातून बो. ओरडतोय, "वानखडे, फाटक काहून नाई उघडत?" ड्रायव्हर उतरून फाटकावर हात आपटतोय. मी त्याला म्हटलं, कुलूप अडकलंय. खोटं बोललो. कुलूप नाहीच.

९.०५. बो. इकडेच निघालाय, तरातरा. पोट पुढे, किल्ल्या वाजताहेत. दोन्ही पानं खिशात. टाइप केलेला कागदही खिशातच, अजून बिनसहीचा. सोनाबाई अडसरासमोर येऊन उभी राहिली, डावा हात त्याच्यावर.

साडेनऊला अजून पंचवीस मिनिटं आहेत. टेम्पो बाहेर थांबला आणि जीप त्याच्या मागे येऊन उभी राहिली, तर मला तोंड उघडावंही लागणार नाही. पण दुसरं पान माझ्या हातानं काढून द्यावं लागेल, ते काही टेम्पो देणार नाही—

बो. आला.