ब्रँबेलच्या टार्टचा पहिला तुकडा

६ एप्रिल, रविवार

सायकल क्लबची मीटिंग. घोर अन्याय.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आमची चार तळ्यांची फेरी असते. जेरारमेच्या तळ्यावरून निघायचं, लाँजमे आणि रतूर्नमे ही दोन तळी मागे टाकायची, जंगलातून श्लुख्त खिंडीचा चढ चढायचा आणि डोंगरमाथ्यावरून पांढऱ्या तळ्यापर्यंत जायचं. तिथे मादलेनच्या फार्मवर आधी ब्रँबेलचा, म्हणजे रानातल्या जांभळ्या बेरींचा टार्ट, मग जेवण. सायकलवाल्यांना तिथे उलटं वाढतात. हा रूट आखला कोणी? मी. बावीस वर्षं कप्तान कोण? मी, रेमों कुनी. आणि आज शाळेच्या स्वयंपाकघरातली ओडिल मूजेल उभी राहून विचारते, यंदा पुढे मी राहू का? म्हणे कप्तान पुढे दिसला तर नव्या लोकांना रस्ता कळतो.

मी शांतपणे समजावलं की खरा कप्तान मागे असतो, मागूनच सगळी फौज नजरेत राहते. आमचा अध्यक्ष लुसिएं खोकला. त्याला धुळीचा त्रास आहे.

मग मी तापलो. गळ्यातली पितळी शिट्टी टेबलावर आपटून सांगितलं, मी पोचायच्या आत टार्टला सुरी लागली तर ही शिट्टी ओडिलच्या गळ्यात. सगळे एका सुरात हो म्हणाले. वाद नाही, चर्चा नाही. घाबरले असणार. बावीस वर्षांत माझ्याआधी तो टार्ट कापायची कोणाची हिंमत झालेली नाही. याला म्हणतात वचक.

७ एप्रिल, सकाळ

ठराव. रोज सकाळी सायकल. मुन्स्टर चीज बंद. वाइन फक्त रविवारी. त्रेसष्ट हे काही वय नाही.

७ एप्रिल, संध्याकाळ

माथ्यावरचा रस्ता बर्फामुळे अजून बंद. सरकारलाच माझी प्रॅक्टिस नको असेल तर मी काय करणार?

घरातलं मुन्स्टर संपवलं. मोह घरात ठेवून संयम पाळता येत नाही.

१९ एप्रिल

पहिली प्रॅक्टिस. लाँजमेपर्यंत. जाताना समोरून वारा. येतानाही समोरून वारा. ज्यांनी आयुष्यात सायकल मारलेली नाही त्यांना हे पटणार नाही. माझ्या बायकोला, सोलांजला, पटलं नाही.

१ मे

कामगार दिन. आज घाम गाळणं म्हणजे कामगारांचा अपमान. तरी जंगलात जाऊन बायकोसाठी म्युगेची फुलं आणली, आजच्या दिवशी द्यायची असतात म्हणून. सायकलवरून आणली असं तिला सांगितलं. तिने फुलं पाण्यात ठेवली आणि विचारलं, सकाळपासून पाऊस आहे, मग टायर कोरडे कसे? एवढ्या संशयी बाईला मी पस्तीस वर्षं फुलं देतोय.

११ मे

दोष सापडला. सायकलमध्ये आहे. चढावर ती मागे ओढते. दुरुस्तीवाल्याने चाक फिरवलं, चेन बघितली, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, सायकल ठणठणीत आहे. दुसरा दुरुस्तीवाला शोधायला हवा. सोलांज म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी उत्तर दिलं नाही. तोंडात टोर्टचा, मांस भरलेल्या पाईचा, घास होता.

२५ मे

आजचा प्रसंग लिहू नये असं वाटतं. पण रोजनिशी खरी असावी.

रतूर्नमेच्या वरच्या जंगलातला चढ. मी उत्तम लयीत. मागून आवाज न करता कोणीतरी आलं. सोलांज! तिच्या त्या बॅटरीच्या सायकलवर, बास्केटमध्ये कांद्याची पात. माझ्या बरोबरीला येऊन तिने विचारलं, रात्री सूप करू का? मी मानेनेच हो म्हटलं, कारण बोलायला श्वास वाया घालवायचा नसतो. ती शीळ घालत निघून गेली.

क्लबचे निम्मे लोक आता बॅटरीवर आहेत. मी घेणार नाही. माझ्या पायांत जे आहे तेच चाकात जाईल. मग अर्ध्या वाटेवरून का परतलो? तर सूप गार झालं असतं.

८ जून

लुसिएं कॉफीला आला होता. फर्नांची आठवण निघाली.

फर्नां सॉमिलमध्ये काम करायचा. पाय चांगले, पण फुफ्फुसं गेलेली. फेरीत कायम शेवटचा. आम्ही पोचून बराच वेळ झाला की हा लालबुंद होऊन यायचा, मान खाली. मलाच ते बघवेना. म्हणून मीच युक्ती काढली होती. शेवटचा माणूस आल्याशिवाय टार्ट कापायचा नाही आणि पहिला तुकडा त्याला द्यायचा. पण त्याला सांगायचं की पहिला तुकडा सगळ्यांत वडीलधाऱ्याचा. मादलेनला पढवून ठेवलं. फर्नांला मरेपर्यंत कळलं नाही. तुकडा हातात घेऊन दरवर्षी म्हणायचा, "पोरांनो, तुम्ही फार चांगली माणसं आहात." टार्ट आम्ही केलेला नसताना! बिचारा भोळा.

तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी मादलेनने पहिला तुकडा माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, कप्तानाचा मान. तेव्हापासून दरवर्षी. फर्नां असता तर त्याला अभिमान वाटला असता.

हे सगळं लुसिएंला ऐकवलं. त्याने कॉफीत चार वेळा साखर घातली.

६ जुलै

मोठा दिवस. जंगलातला संपूर्ण चढ न थांबता पार!

घरी येऊन सोलांजला सांगितलं. ती म्हणाली, दात दाखव. दाखवले. जांभळे. जीभही. चढाच्या तिसऱ्या वळणावर ब्रँबेल पिकल्यात, अगदी रस्त्याला लागून. पायडल मारता मारता तोडल्या असं मी सांगितलं. ती म्हणाली, गुडघ्यांवर मातीपण पायडल मारता मारता लागली का?

ठराव. यापुढे प्रॅक्टिसला जाताना टूथब्रश न्यायचा.

२० जुलै

ओडिल घरी आली. सोबत तिने केलेली बटाट्याची भजी, आणि काही बोलायचं होतं म्हणे. म्हणाली, "अरे रेमों, पुढे कोण आणि मागे कोण, काय फरक पडतो रे? तू येतोस हे महत्त्वाचं."

शरणागती. मी उदारपणे भजी स्वीकारली.

२७ जुलै, सकाळ

निघतोय. आकाश स्वच्छ. तळ्यावर धुकं. शिट्टी घासून चकचकीत केली आहे. सोलांज बॅटरीवाल्यांबरोबर दुसऱ्या वाटेने येणार. आज सगळे बघतील.

२७ जुलै, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

शिट्टी वाजवली. गाव संपेपर्यंत सगळ्यांना पुढे पाठवलं. लुसिएं नेहमीसारखा माझ्या मागे. दरवर्षी तो तसाच असतो, आणि शेवटच्या वळणावर माझ्या पुढे जाऊन फार्मवर वर्दी देतो. मी त्याला माझा नायब समजत आलो.

जंगलातल्या चढावर मी दरवर्षी थांबून खालच्या तळ्याची पाहणी करतो. आज थांबलो नाही. ब्रँबेलकडे बघितलंही नाही. छाती फुटायची वेळ आली, पण थांबलो नाही. तेवढ्यात मागून लुसिएंची हाक आली, पोटरीत गोळा आलाय, थांब जरा. मी मनात म्हटलं, ओहो, ही ओडिलची चाल. मला उशीर करवून टार्ट कापायचा. "कप्तान थांबत नसतो," असं ओरडून मी निघालो.

खिंड आली. मग माथ्यावरचं गवत, गाईंच्या घंटा. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. खरं सांगतो, गेल्या दहा वर्षांत मला एवढं छान वाटलं नव्हतं.

फार्मवर पोचलो. सगळे लांब टेबलापाशी बसलेले. मला बघून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओडिलने विचारलं, लुसिएं कुठे? मी म्हटलं, येतोय मागून, दमलाय बिचारा. टेबलावर टार्ट अख्खा होता. पैज जिंकली! मी माझ्या जागेवर बसलो, नॅपकिन गळ्याला लावला आणि मादलेनला म्हटलं, काप.

मादलेनच्या हातात सुरी होती. ती हसली. "अरे, अजून एक जण यायचाय. शेवटच्याचा पहिला तुकडा. तुझीच ना ही पद्धत?"

टेबलाखाली ओडिलचा पाय हलला. मादलेनने सुरी खाली ठेवली. मी सोलांजकडे बघितलं. ती तळ्याकडे बघत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

बऱ्याच वेळाने लुसिएं सायकल हातात धरून लंगडत आला. मादलेनने तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याचा चेहरा पडला. त्याने बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "हा कप्तानाचा असतो."

फर्नां गेल्यापासूनचे सगळे तुकडे आठवले. सगळं टेबल बशीकडे बघत होतं, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी बशी परत त्याच्याकडे सरकवली आणि त्याला विचारलं, पाय फार दुखतोय का? हे मी खिंडीखालीच विचारायला हवं होतं.

माझा तुकडा सातवा आला. चव तीच होती.

पैज मी जिंकलो असं सगळ्यांनी सांगितलं, जरा जास्तच जोरात. मी शिट्टी काढून ओडिलच्या गळ्यात घातली. ती नको म्हणाली. मी म्हटलं, घाल गं, चढावर ती माझ्या छातीवर आपटते.

२८ जुलै

अंग ठणकतंय. हात दाखवून अवलक्षण झालं, असं सोलांज म्हणाली. मग माझ्या गुडघ्यांना तेल लावून दिलं.

हार मानलेली नाही. शिट्टी मी स्वतःहून दिली, वजनामुळे.

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. पोरांनो, तुम्ही फार चांगली माणसं आहात. फर्नां भोळा नव्हता. त्याला पहिल्या वर्षापासून कळलं होतं. तरी तो दरवर्षी आला, आणि दरवर्षी तुकडा खाल्ला.

ठराव. प्रॅक्टिस बंद. मुन्स्टर सुरू. पुढच्या वर्षी तिसऱ्या वळणावर थांबून पोटभर ब्रँबेल खायच्या. लुसिएंची पोटरी दुखो वा मोडो, त्याला पुढे घालायचं. शेवटचा नंबर माझा आहे, तो मी कोणाच्या बापाला देणार नाही.