पंचवटीचा पडदा

बसवनगुडी, बेंगळूर
श्रावण, १९५८

प्रिय आप्पा,

‘तीर्थरूप’ लिहायला हवे, हे ठाऊक आहे; पण आजचे बोलणे त्या शब्दाआडून जमणार नाही. नाटक कंपनी मोडली, आता तुम्ही रंगवलेला पंचवटीचा पडदा निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीला ताडपत्रीसारखा वापरायला देणार, असे तुम्ही कळवलेत. ‘साहेबाच्या चित्राची नक्कल ती, त्यात माझे काय आहे?’ हे तुमचे वाक्य मनात घोळवतच मी ग्रंथालयात गेले.

आणि तिथे एका चित्रांच्या पुस्तकात तुमची पंचवटीच भेटली! रिचर्ड विल्सन नावाचा अठराव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार. त्याची इटलीतली दृश्ये. मधासारखा संध्याप्रकाश, निश्चल सरोवर, कडेला उंच वृक्ष, टेकडीवर ते गोल, भग्न देऊळ. लहानपणापासून मी त्याला एखाद्या ऋषीचा आश्रम समजत आले, ते निघाले रोमन! घरी येऊन सांगितले, तर अंबुआत्या तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, “सरी, बरं, म्हणजे राम वनवासाला विलायतेत गेला होता? आता स्वल्प जेवून घे.” हा विल्सन मायदेशी परतल्यावरही तीच सरोवरे पुन्हा पुन्हा रंगवीत राहिला म्हणे. डोळ्यांत राहिलेले हातातून उतरतच असावे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तुमचा पडदा आठवत फांदी न् फांदी ताडून पाहिली, सारे जुळले. मालोजीमालकांनी लिलावातली तसबीर पुढे ठेवून तुम्हाला बजावले होते ना, ‘हीच पंचवटी, फक्त गोरी माणसे पुसून टाक’? ती तुम्ही पुसलीत. मग काठावरची, हिरव्या लुगड्यातली, घागर घेतलेली बाई कुठून आली? मालक ओरडायचे, ‘सीता पुढे उभी असताना मागे ही दुसरी कोण रे?’ तुम्ही ‘सवडीने काढतो’ म्हणत राहिलात आणि कधीच काढली नाहीत.

तिची घागर उजव्या कमरेवर आहे. आपल्याकडच्या बायका उजवा हात मोकळा राहावा म्हणून डाव्या कमरेवर घेतात. आई डावखुरी होती, हे मला काल आत्याकडून कळले. घरात आईचा एकही फोटो नाही, आणि प्रेक्षकांत बसून त्या बाईचा चेहरा मला कधी नीट दिसला नाही. आप्पा, ती आई ना? वखारवाल्याला नाही म्हणून सांगा. दिवाळीत येईन, तेव्हा पडदा अंगणात उलगडून टांगून ठेवा. मला तिच्याजवळ उभे राहायचे आहे.

तुमचीच,
अहल्या