दुसऱ्या फेरीची सही

गस्ती जहाज ‘सोरान’, सरहद्द तळ
केशार शक ३०० (जहाजाच्या मोजणीने), जहाजावरचा ९१वा दिवस

चि. इल्का हीस, अनेक आशीर्वाद.

पहिली फेरी संपली. ओंबर साम्राज्याची तीन जहाजं आम्ही पाडली, आपली चार गेली. मी धडधाकट आहे. बूट पाठवतोय, सहा वर्षांच्या पोरीचे पाय भराभर वाढतात, म्हणून दोन बोटं मोठेच घेतलेत. आईला म्हणावं, आणखी एकच फेरी, तीन महिन्यांची, की कायमची सुट्टी. इथे मन रमत नाही. तुझी बडबड आठवते.

आईला त्रास देऊ नकोस, माझ्यावर लोभ धर.
तुझा बाबा, तोवेन


ओरूम चंद्र, खालची वस्ती
शक ३३०

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

बूट पोचले. तुमच्या नातीला अगदी बसले. जहाजाच्या वेगात तुमचे तीन महिने झाले, इथे तीस वर्षं गेली. भरतीच्या वेळी हे सांगितलं होतं, पण तुम्ही नुसती मान डोलावलीत, असं आई म्हणायची. तुम्ही निघाल्यावर अकराव्या वर्षी ती गेली, बाबा. शेवटपर्यंत तुमचीच बाजू घेत होती.

मी छत्तीस वर्षांची, तुम्ही एकोणतीस. तरी नमस्कार मीच करायचा, नातं ते नातं! लढाई कशावरून पेटली ते आता पोरं शाळेत घोकून सांगतात.

दुसऱ्या फेरीला नाही म्हणता येतं, कचेरीत विचारून आले. सही करू नका. घरी या. आई आठवते असं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, फार एकटं वाटतं.

वाटेकडे डोळे आहेत, विसर पडू देऊ नये.
आपली इल्का


गस्ती जहाज ‘सोरान’
११२वा दिवस

चि. इल्का हीस, अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी हातात पडलं. आमच्याकडे सकाळी सह्या घेतात, मग टपाल वाटतात. घरचं वाचून कुणी मागे फिरू नये म्हणून. लवकर सुटावं म्हणून मी रांगेत पहिला उभा होतो.

कप्तानांचे पाय धरले. ते म्हणाले, त्यांचा मुलगा त्यांच्याहून म्हातारा होऊन वारला. आणि माझ्या सहीचा कागद पेटीत कुलूपबंद केला.

तुझी आई गेल्याचं मला आज कळलं, आणि संध्याकाळी निघायचंय. रडायलाही आडोसा नाही. नातीचं नाव लिहायचं राहिलं तुझ्याकडून. आता तिलाच विचारीन, तुझ्या वयाची झालेली असेल.

तीन महिने थांब, असंच लिहिणार होतो. तीस वर्षं थांब, बाळा.

तुझा बाबा