सुरकुती एकदाची पडली

तीर्थरूप ताईस,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग चार उशांवर चढवलंय, ते खाली आणायला बंदी आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? माझं म्हणशील तर, दुकानात इस्त्री केलेले पडदे वरच्या फळीवर ठेवताना स्टुलावरून आपटलो आणि घोट्याचं हाड मोडलं. कातडीवर मात्र ओरखडासुद्धा नाही, म्हणून मी खुशीत. हाडांच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, लगेच ऑपरेशन उरका, गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि पायच बघत बसल्या. सूज दाबली, नाडी चाचपली, अंगठा हलवायला लावला. मग म्हणाल्या, "एक्स-रेत हाड दिसतं, मांस दिसत नाही. आत सगळं चेचलंय. एवढ्या सुजेवर चिरलं तर जखम मिटायची नाही, पाय गमवाल. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडू देत, मग बघू."

ताई, सुरकुत्या! (जन्म गेला त्या घालवण्यात!) पाय टम्म फुगलेला, जांभळा, वर पाण्याचे फोड. सासूबाई चष्मा लावून घोट्यावर वाकायच्या आणि "अजून तुकतुकीत आहे हो" म्हणून सुस्कारा सोडायच्या. शेवटी माझा धीर सुटला. पाण्यात बोटं सुरकुततात हे आठवलं, आणि ही बाजारात गेल्याची संधी साधून घोट्याला ओला टॉवेल गुंडाळून बसलो. काय सुरकुत्या पडल्या म्हणून सांगू! घरी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बोट लावलं मात्र, "पाय कोणी भिजवला?" (मी सासूबाईंकडे बघितलं. चुकलंच.) "फोड फुटून आत जंतू गेले असते म्हणजे?" त्या गेल्यावर पहिल्यांदाच मला भीती वाटली. चादर तोंडावर ओढून रडलो. हिला सांगितलं, घाम आहे.

मग मात्र शहाण्यासारखा पडून राहिलो. एका सकाळी ही पाय पुसता पुसता ओरडली, "अहो, पडली!" मी घाबरून विचारलं, "कोण, तुझी आई?" पण खरोखरीची सुरकुती होती. डॉक्टरीणबाईंनी कातडी चिमटीत धरली, हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी धातूची पट्टी बसवून हाड जोडलं. टाके छान सुकताहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. महिनाभर राहायला ये. ही हल्ली उगीच चिडते. पाणी मागितलं तरी चिडते.

ता. क. दुसरा (माझा, यांच्या पत्नीचा; पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय) : वन्सं, तुम्ही येऊ नका, मीच तिकडे येते. पेशंटला एकटं ठेवायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. म्हणजे अजून म्हणाल्या नाहीत, पण यांच्याशी आणखी एकदा बोलल्या की म्हणतील.