पेटी कोपऱ्यात ठेवू नये

मी, दिओसेलिना सिमार्रा, एवेलिओ कासियानी यांची विधवा, वय त्र्याहत्तर, राहणार रेबोलो वस्ती, बार्रांकिया, व्यवसाय (शब्द खोडलेला), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर कित्येकांच्या सांगण्याविरुद्ध लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. याआधीचे माझे मृत्युपत्र कोणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

१. राहते घर, पत्र्याच्या पडवीसह, माझा एकुलता मुलगा ओस्नायदेर याला. बँकेत असेल ते मी गेल्यावर घरी होणाऱ्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या कॉफीला.

२. 'एल तिग्रे' हा आमचा पिको, म्हणजे रस्त्यावरच्या नाचासाठीचा माणसापेक्षा उंच, वाघ रंगवलेला स्पीकर, तोही ओस्नायदेरला. वाघाखाली 'एवेलिओ, सोन्याचा कान' असे रंगवले आहे. नोंद असावी की एवेलिओ तबकड्या लावीत असे आणि माणूस गोड होता. पिको कुठे उभा करायचा, तोंड कुणीकडे, खर्ज किती उतरवायचा, हे एक्केचाळीस वर्षे मी ठरवले. नाचाआधी मी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन ऐके आणि परत येऊन त्याच्या कानात सांगे. लोकांना वाटे, बायको लाडात आली आहे.

३. शेजारचे बिलियर्डवाले उबाल्दो एकदा सगळ्यांसमोर मला, 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब असा मान देऊन, म्हणाले होते, "दोन्या, बटणांना हात नका लावू. बाईमाणसाचा कान कुकरच्या शिट्टीपुरता." त्यांना माझ्या शिवणाच्या डब्यातले कापसाचे दोन बोळे द्यावेत.

४. आता चाकांची पेटी. हा बॅटरीवरचा स्पीकर मी गेली सहा वर्षे वाढदिवसांना, सभांना, प्रार्थनांना ओढत नेला. तिच्यावरून घरात भांडण होणार हे मला दिसते, म्हणून कारण लिहिते.

एवेलिओच्या प्रार्थनांचा नववा दिवस होता. ओस्नायदेरने सकाळीच, अंगण रिकामे असताना, पेटी जमिनीवर दोन भिंतींच्या कोपऱ्यात सारली. वाटेत नको म्हणे. कोपऱ्यात खर्ज आपोआप फुगतो, आणि या शहाण्याने इक्वलायझरवर तो आणखी चढवला. दुपारी अंगण भरले. माणसांची अंगे आणि कपडे बारीक आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे उरली नुसती घरघर. प्रार्थना सांगणाऱ्या निकोलासाबाईंचे ओठ हलत होते, शब्द एकही कळत नव्हता. लोक भलत्याच जागी 'आमेन' म्हणत होते. नाच आहे असे समजून एक जण रमची बाटली नाचवत फाटकातून आत आला.

"अरे, पेटी बाहेर काढ," मी म्हणाले.

"थांब ना आई, आवाज वाढवतो."

"वाढवू नकोस गाढवा, हलव!"

"लोकांसमोर नको गं. बाबांचा पोरगा आहे मी, मला कळतं त्यातलं."

तेव्हा त्याची बायको यूरानिस हिने कॉफीचा ट्रे खाली ठेवला, पेटी तीन पावले पुढे ओढली, टेबलावर चढवली, तोंड फाटकाकडे केले आणि खर्जाचे बटण उतरवले. कोणी शिकवले नव्हते. मग ती पुन्हा कॉफी वाटू लागली. मी फाटकाशी उभी होते. तिथे मला एवेलिओचे पूर्ण नाव स्पष्ट ऐकू आले, आणि तो गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले.

म्हणून पेटी यूरानिसला, तिच्या एकटीच्या मालकीची. ओस्नायदेरने हात लावण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. रुसला तर रुसू द्यावे, जेवायच्या वेळी येतो.

५. पिकोवर दोन गाण्यांच्या मध्ये ध्वनिमुद्रित आवाजात मालकाचे नाव पुकारतात. आमच्याकडे कायम एवेलिओचे पुकारले. मी माझ्या नावाचे एक पुकारणे मुद्रित करून यूरानिसच्या फोनमध्ये ठेवले आहे: 'हा आवाज दिओसेलिनाने लावला आहे, आणि तेव्हाही तिनेच लावला होता.' माझ्या नवव्या दिवशी शेवटची प्रार्थना संपताच ते एकदा वाजवावे. पेटी भिंतीपासून दूर, उभ्या माणसाच्या डोक्याइतकी उंच असावी. बटणे अंगण भरल्यावरच लावावीत. यूरानिसने स्वतः फाटकापर्यंत जाऊन ऐकावे. शब्द कळत नसतील तर आवाज वाढवू नये, पेटी हलवावी. घरघरीत सगळी नावे सारखीच ऐकू येतात, आणि लोक सवयीने एवेलिओचेच ऐकतील. ते मला मेल्यावरही चालणार नाही.

पाद्री म्हणतील, हे शोभत नाही. त्यांना कॉफी द्यावी आणि वाजवावे.

६. इथवरचा कागद मला वाचून दाखवताना नोटरीच्या कारकुनाने वर 'व्यवसाय: गृहिणी' असे वाचले.

"खोडा ते."

"दोन्या, तुमच्या सगळ्या कागदांवर हेच आहे."

"सगळे घेऊन येते. सगळे खोडा."

"मग लिहू काय?"

"आवाज लावणारी."

"असा व्यवसाय आमच्या यादीत नाही हो."

"मग यादी चुकली आहे."

वरील मजकूर ऐकून, समजून, मान्य करून सही केली.

साक्षीदार: एर्मेनेहिल्दो पुएयो, शिंपी. लेद्विना ओरोस्को, परिचारिका. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

बार्रांकिया, १४ ऑगस्ट २०१९

(सही) दिओसेलिना सिमार्रा, आवाज लावणारी

खाडाखोड: एक. 'गृहिणी' हा शब्द मी स्वतःच्या हाताने, साक्षीदारांसमोर खोडला आहे.