डाव्या गालातला खर्रा

५ जानेवारी
डाव्या जबड्यावर फुगवटा. व्हर्नियरनं मोजला. बायको शकुन म्हणते, डॉक्टरले दाखवा. मोटार रिवाइंडिंग कोणाकडे न जाता शिकलो. जबड्यात तर वायरिंगही नाही. निदान: अक्कलदाढेची सूज. उपाय: हळद-मिठाच्या गुळण्या.

१९ जानेवारी
फुगवटा वाढला. म्हणजे गुळण्या लागू पडून राहिल्या. आतली घाण बाहेर येते आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
अकोल्याचे केशवराव मुलाला घेऊन आमच्या रागिणीला पाहायला आले. मी उजवी बाजू धरून बसलो. पंखा लागत नाही म्हणून ते उठून नेमके डावीकडे. काहून जी, गालात काय हाय? गाठ म्हटलं की लोकांना कॅन्सर ऐकू येतो. पोरीचं जमत आलेलं. म्हणालो, तंबाखू-सुपारीचा खर्रा.
शकुननं पोह्यांची बशी माझ्यासमोर आपटली. माझ्या दुकानावर पाटी आहे: खर्रा खाणाऱ्याची मोटार घेतली जाणार नाही. अक्षर माझंच.
केशवराव खूश. मंग आमच्या अकोल्याचा घ्या! घेतला. मोरीत दोनदा ओकलो. तरी निर्णय अचूक. हे खोटं नव्हे, तात्पुरती जोडणी.

११ फेब्रुवारी
असह्य ठणका. अमरावती. दातांच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दाखवला: अडकलेल्या अक्कलदाढेभोवती पाण्याची पिशवी, सिस्ट. म्हणजे दाढ मी बरोबर ओळखली होती. मॅडम म्हणाल्या, हाड पापडाएवढं पातळ उरलंय, भाकरी चावताना मोडलं असतं. पिशवी अस्तरासकट कशी काढावी, ते मी समजावू लागलो. म्हणाल्या, काका, तोंड मिटा.

१७ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. दाढही गेली. तुकडा तपासायला पाठवला. गावात सांगितलं, नागपूरला मोटारींचं काम.

३ मार्च
रिपोर्ट: साधी सिस्ट. कॅन्सर नाही. शकुन रडली. म्हणे, आता तरी त्यायले खरं सांगा. साखरपुड्यात सांगीन. सर्वांसमोर, मुद्देसूद. आरशासमोर सराव केला.

२३ मार्च, साखरपुडा
मी उठायच्या आत केशवरावांनी माइक घेतला. पाहा, गाल सपाट! दीड महिन्यात खर्रा बंद! यायच्याकडं पाहून मीबी सोडला. पहिल्यांदा, तीस वर्षांत. मला शाल, नारळ, टाळ्या. पाटी दाखवून मी ज्याला दुकानातून हाकललं होतं, तो नत्थुजी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवून राहिला होता.
माइक माझ्या हातात आला. तोंड आता पूर्ण उघडतं.
म्हणालो, मनावर घेतलं की जमतं.
रागिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मग फोटो. पहिल्यांदाच डाव्या बाजूनं. फोटोवाला म्हणे, काकाजी, मान जराशी वर करा.
झाली नाही.